फांदी छाटायची आहे? आधी अर्ज!

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रं अगदी एकमेकींच्या उलट आहेत. एक भगिनी लिहितात, ‘शेजारच्या गुलमोहराची जाड फांदी आमच्या पत्र्यावर टेकली आहे. वारा सुटला की मुलांना उचलून आतल्या खोलीत निजवते. माणूस बोलावून फांदी तोडून घेऊ का?’ दुसऱ्या लिहितात, ‘आमच्या सोसायटीतलं जांभळाचं झाड पाडायचं घाटतंय. कारण काय, तर जांभळं पडून गाड्या खराब होतात! मी एकटी काय करणार?’

एकीला झाडाची भीती, दुसरीला झाडासाठी भीती. पण दोघींना उत्तर एकाच कायद्यात सापडतं. महाराष्ट्रातल्या शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. झाड तुमच्या अंगणातलं असो, तुम्ही स्वतः लावलेलं असो, परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. आणि ‘तोडणे’ म्हणजे नुसतं बुंध्यापासून आडवं करणं नव्हे, बरं का! जाळणं, कापणं, कुठल्याही तऱ्हेनं इजा करणं हे सगळं त्यात येतं. बुंध्याला भोक पाडून ऍसिड ओतण्याचे ‘घरगुती उपाय’ही त्यात आलेच. गुन्ह्याला दंड आहे, तसा तुरुंगवासही आहे.

तेव्हा पत्र्याखाली झोपणाऱ्या भगिनींना पहिलं उत्तर असं की, परस्पर माणूस बोलावू नका. पण भीती गिळून गप्पही बसू नका. २०१७ च्या जुलैत मुंबईत चेंबूरला रस्त्यानं जाणाऱ्या एका महिलेवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात तिचा जीव गेला. धोका खरा असतो. म्हणूनच तो वेळेवर, कागदावर सांगायचा असतो.

अर्ज कुणाकडे करायचा? महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे. बहुतेक ठिकाणी हे काम उद्यान विभागात चालतं. झाड शेजाऱ्यांच्या हद्दीत असेल तर त्यांची संमती घ्या. सोसायटीचं असेल तर समितीचा ठराव जोडा. झाडाचं वर्णन, ते कुठे उभं आहे त्याचा साधा नकाशा आणि कारण, एवढं हवंच. दोन-तीन फोटो जोडले तर उत्तम. अर्ज म्हणजे निबंध नव्हे. ‘झाड फार त्रासदायक आहे’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘वरील पत्त्यावरील गुलमोहराची, जमिनीपासून सुमारे पंधरा फुटांवरून पूर्वेकडे गेलेली फांदी आमच्या छपरावर टेकली आहे. तिच्या बेचक्यात चीर दिसते. झाडाची पाहणी करून तेवढी फांदी छाटण्यास परवानगी मिळावी.’

‘तेवढी फांदी’ हे शब्द महत्त्वाचे. फांदीनं काम भागत असेल तर झाड मागू नका. अख्खं झाड पाडायचं तर पाहणी, जाहीर नोटीस, हरकती, मग वृक्ष प्राधिकरणाचा निर्णय, अशी लांब वाट असते. शिवाय बदली झाडं लावावी लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, असा नियम आला. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हे आता वारसा वृक्ष मानलं जातं.

अर्जाची एक प्रत शिक्का मारून घरी ठेवा. अर्ज ‘टेबलावर आहे’ असं तीनदा ऐकावं लागतं, हा अनुभव कुणाला नाही? तारखेचा शिक्का असला की चौथ्या खेपेला बोलायला बळ येतं. झाड पडण्याच्याच बेतात असेल तर मात्र अर्जावर विसंबू नका. अग्निशमन दलाला आणि पालिकेला ताबडतोब फोन करा आणि खालची जागा मोकळी करा. फांदी विजेच्या तारेला लागली असेल तर वीज कंपनीला कळवा, स्वतः काठी घेऊन जाऊ नका.

हे सगळं कधी करायचं? दिवाळी झाली की. म्हणजे हिवाळ्यात पाहणी होते आणि पावसाच्या आधी छाटणी उरकते. मे महिन्यात जागं होणाऱ्यांची तिथे रांग लागलेली असते. जून लागला की बगळ्यांची घरटी भरतात, तेव्हा अशा झाडाला हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं कित्येक पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना संरक्षण दिलेलं आहे.

छाटणीचे लोक येतात ते बहुधा सकाळी अकराच्या सुमाराला. त्या वेळी घरी असतो आपणच! तेव्हा खाली उतरून परवानगीचा कागद मागा. छाटणी लिहिली आहे की तोड, किती झाडं, कोणती, हे वाचा. जड फांदी कापताना आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढून वरून काप, आणि उरलेला खुंट शेवटी खोडाजवळ, तिथल्या फुगीर कड्याला धक्का न लावता कापायचा असतो. एकदम वरून कापली तर फांदी आपल्या वजनानं सालीचा पट्टा सोलत खाली येते. एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या तर झाडाचा तोल जातो. शेंडा उडवला तर भाराभर कोवळे फुटवे येतात आणि पुढे तेच पटकन मोडतात. चुकीच्या छाटणीनं आजचं सुरक्षित झाड उद्या धोकादायक होतं.

आता जांभळाची बाजू घेणाऱ्या भगिनींकडे वळते. तुम्ही एकट्या नाही. झाड पाडण्याच्या अर्जावर वर्तमानपत्रात आणि झाडावरही नोटीस लावावी लागते. तिच्यात दिलेल्या मुदतीत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतं. त्याला ना सोसायटीची परवानगी लागते, ना यजमानांची सही! झाड निरोगी आहे, फळांचा त्रास वर्षातले थोडेच दिवस असतो, तेवढ्यापुरत्या गाड्या हलवता येतील किंवा हलकी छाटणी पुरेल, असं मुद्देसूद लिहा. सभेतही हेच बोला, आणि आपलं म्हणणं इतिवृत्तात आलं का ते पाहा.

आणखी एक काम दोघींनीही करा. बुंध्याला लागून फरशी किंवा काँक्रीट असेल तर सोसायटीला सांगून चहूबाजूंनी निदान हातभर जागा मोकळी करून घ्या. चर खणताना मुळं तोडू देऊ नका. पाणी आणि हवा न मिळालेली, मुळं तुटलेली झाडं वरून हिरवी दिसतात आणि पहिल्या वादळात आडवी होतात. मग दोष येतो झाडावर!

छाटणीनंतरचा पाला मात्र कचऱ्याच्या गाडीत घालू नका. कोपऱ्यात खड्डा करून मातीच्या थरांनी झाका आणि अधूनमधून पाणी शिंपडा. काही महिन्यांत कुंड्यांना पुरेल एवढं खत घरचं घरी मिळेल.