हातमोजेवाल्याच्या मुलाला हॅम्लेट कसा सुचेल?

१/ शेक्सपिअरची नाटके शेक्सपिअरने लिहिलीच नाहीत, असे मानणारा एक पंथ गेली सुमारे पावणेदोनशे वर्षे नांदतो आहे. खरा नाटककार म्हणून कोणी फ्रान्सिस बेकनचे नाव घेतो, कोणी ऑक्सफर्डच्या अर्लचे, कोणी ख्रिस्तोफर मार्लोचे. उमेदवार बदलतात, आक्षेप मात्र तोच राहतो: स्ट्रॅटफर्डसारख्या गावातल्या, विद्यापीठाची पायरी न चढलेल्या, हातमोजे शिवणाऱ्याच्या मुलाला राजदरबार, कायदा आणि इटली कशी ठाऊक असणार? वरवर हा पुराव्याचा प्रश्न वाटतो. मुळात तो जन्माचा प्रश्न आहे.

२/ आक्षेपातले जे खरे आहे, ते आधी मान्य करावे. शेक्सपिअरच्या निर्विवाद हस्ताक्षरात आज केवळ सहा सह्या उरल्या आहेत. त्याच्या १६१६ च्या मृत्युपत्रात पुस्तकांचा उल्लेख नाही. स्ट्रॅटफर्डच्या शाळेच्या पटावर त्याचे नाव सापडत नाही. पण त्या काळचा पटच शिल्लक नाही. तिथे कोणत्याच विद्यार्थ्याचे नाव सापडत नाही. नाटक एकदा विकले की संहिता नाटकमंडळीच्या मालकीची होई, आणि तत्कालीन बहुतेक नाटककारांची हस्तलिखिते अशीच काळाच्या उदरात गेली आहेत. शिवाय हातमोजे शिवणारा हा बाप, जॉन शेक्सपिअर, १५६८ मध्ये स्ट्रॅटफर्डचा नगरप्रमुख होता. ‘अडाण्याचे पोर’ हे चित्र शंकेखोरांनी आपल्या सोयीसाठी रंगवलेले आहे.

३/ बेन जॉन्सन त्या युगातला सर्वांत विद्वान नाटककार मानला जातो. त्याचा सावत्र बाप गवंडी होता आणि जॉन्सनने विद्यापीठाची पदवी घेतलेली नव्हती. त्याची नाटके कोण्या उमरावाने लिहिली, असे कोणी म्हणत नाही. मार्लो तर जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. म्हणजे हातमोजे चालत नाहीत, पण जोडे चालतात! आपल्याकडचेच पाहायचे तर टेंभूच्या गरीब घरात जन्मलेल्या आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने हॅम्लेट मराठीत आणला. डेन्मार्कचा राजवाडा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो शेक्सपिअरनेही पाहिल्याचा पुरावा नाही, आणि नाटकाला त्याची गरजही पडलेली नाही.

४/ आता समकालीनांची साक्ष. १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीनच्या नावे निघालेल्या पुस्तिकेत एका नटाची निर्भर्त्सना आहे: हा इतरांची पिसे लावून मिरवणारा कावळा, आणि आता हा स्वतःच पद्य रचू लागला आहे. शेक्सपिअरच्या आडनावावर तिथे कोटीही केलेली आहे. नट आणि कवी एकच आहेत, हे इथे त्याचा द्वेष करणारा माणूस सांगतो आहे. १५९८ मध्ये फ्रान्सिस मिअर्सने शेक्सपिअरची बारा नाटके नावानिशी नोंदवली. त्याच ग्रंथात सुखात्मिका उत्तम लिहिणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात ऑक्सफर्डचा अर्ल आहे आणि शेक्सपिअरही आहे. दोघे वेगवेगळे.

५/ या अर्लचे, एडवर्ड डी व्हिअरचे, नाव १९२० मध्ये जे. थॉमस लूनी या शिक्षकाने पुढे केले. आज सर्वांत मोठा गट त्याचाच. अडचण एवढीच की अर्लसाहेब जून १६०४ मध्ये वारले. ‘द टेम्पेस्ट’वर बर्म्युडाजवळ १६०९ मध्ये फुटलेल्या ‘सी व्हेंचर’ जहाजाच्या वृत्तांताची छाप आहे. ‘द टू नोबल किन्समेन’ हे १६१३ च्या आसपासचे नाटक शेक्सपिअर आणि जॉन फ्लेचर यांनी मिळून लिहिले. १६३४ च्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर दोघांची नावे आहेत. नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या उमरावाने तरुण सहलेखकाबरोबर काम कसे केले, याचे उत्तर ‘आधीच लिहून ठेवले होते’ असे देण्यात येते. ज्या मताला कोणताच पुरावा खोटे ठरवू शकत नाही, त्याला इतिहास म्हणत नाहीत.

६/ सर्वांत बोलका पुरावा छापखान्याच्या चुकीत सापडतो. १५९९ च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये पीटर या नोकराच्या प्रवेशाच्या जागी रंगसूचनेत चक्क ‘विल केम्प’ असे छापले गेले आहे. केम्प हा शेक्सपिअरच्या मंडळीतला विनोदी नट. १६०० च्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्येही डॉगबेरी आणि व्हर्जेस यांच्या संवादांपुढे केम्प आणि काउली या नटांची नावे आली आहेत. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पात्र नव्हते, ते करणारा माणूस होता. पुढे केम्प मंडळी सोडून गेला, रॉबर्ट आर्मिन आला, आणि विदूषकांची जात पालटली: धांगडधिंगा ओसरला, फेस्टे आणि लिअरचा विदूषक यांच्यासारखे गाणारे, बोचरे, शहाणे मूर्ख आले. कोणता नट काय पेलतो, हे जाणणारा माणूस रोज तालमीत असावा लागतो. वाड्यातल्या ग्रंथालयात बसून हे साधत नाही. आणि ऑक्सफर्डच्या अर्लच्या आश्रयाला स्वतःची नाटकमंडळी होती. मग त्याने आपली उत्तमोत्तम नाटके प्रतिस्पर्ध्यांना का दिली असती?

७/ मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षे ही शंका कोणी गांभीर्याने घेतली नव्हती. १८५७ मध्ये अमेरिकेच्या डेलिया बेकन यांचा ग्रंथ आला, आणि वादाला तोंड फुटले. १८८८ मध्ये इग्नेशियस डॉनेली यांनी नाटकांत बेकनची सांकेतिक लिपी ‘शोधली’. पुढे विल्यम आणि एलिझेबेथ फ्रीडमन या गुप्तलिपीतज्ज्ञ दांपत्याने, ज्यांनी तारुण्यात बेकनवाद्यांकडेच नोकरी केली होती, १९५७ मध्ये असले दावे तपासून निकालात काढले. १७८५ मध्येच एका पाद्र्याला शंका आली होती, असे सांगणारे १८०५ चे म्हणून मिरवलेले हस्तलिखित तर बनावट निघाले: त्या काळी कोणालाच माहीत नसलेली माहिती त्यात होती.

८/ मृत्युपत्रात पुस्तके नाहीत, हे शंकेखोर आवर्जून सांगतात. त्याच मृत्युपत्रात ओळींच्या मधल्या जागेत घातलेली एक नोंद मात्र ते भरभर ओलांडतात. रिचर्ड बर्बेज, जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या तीन सहकारी नटांना, स्मृतीच्या अंगठ्या घेण्यासाठी, प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स. बर्बेज १६१९ मध्ये गेला. उरलेल्या दोघांनी १६२३ मध्ये ३६ नाटकांचा ‘फर्स्ट फोलिओ’ सिद्ध केला आणि आपण हे स्वतःच्या लाभासाठी नव्हे, दिवंगत मित्राची आठवण राहावी म्हणून करत आहोत, असे लिहिले. त्यांनी त्याच्यासोबत वर्षानुवर्षे एकाच रंगमंचावर काम केले होते. अर्लला लेखक ठरवायचे तर या दोघांना आधी खोटारडे ठरवावे लागते.