धंदेशिक्षण हवें, जातधंदा नको !

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, हल्लीं जिकडे तिकडे 'उद्योजक व्हा' असा घोष चालला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सांगितलें कीं, सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तर ठेवून सुतार, माळी, कुंभार यांजकडे शिकावें. गोष्ट चांगली, पण नवी नव्हे. खेड्यांतील शाळेंत हिशेब व शेतीचें ज्ञान द्यावें, जोडीला नमुन्याचें शेत असावें, असें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालींच हंटर कमिशनला बजावलें होतें.

परंतु सावध असा ! १९५३ सालीं मद्रासेंत राजगोपालाचारींच्या सरकारनें अर्धा वेळ शाळा व उरलेल्या वेळांत बापाचा धंदा, अशी योजना आणली. म्हणजे न्हाव्याच्या पोरानें वस्तराच धरावा आणि वकिलाच्या पोरानें पुस्तक ! पेरियार रामस्वामींनीं रान उठविलें व १९५४ सालीं ती गुंडाळावी लागली.

मग खरा मार्ग कोणता ? पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. कलबागांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या शिक्षणक्रमांत सुतारी, वीज, शेती, अन्नप्रक्रिया हीं कामें सर्वच मुलें शिकतात, गांवाचीं कामें मोबदला घेऊन करतात आणि हिशेब ठेवतात. तेथें हात शिकतो, तशी वहीही शिकते.

आमच्या वाशिम जिल्ह्यांत आपण सोयाबीन, तूर पोत्यानें विकतों आणि तेल, डाळ पिशवीनें विकत आणतों. पोतें व पिशवी यांमधला पैसा कोणाच्या खिशांत जातो, हें गणित कोणत्या पुस्तकांत आहे ? आम्हीं एकदां तिफण करणाऱ्या सुतारास वर्गांत बोलाविलें. फळ्यावर खर्च मांडतांना एका मुलीनें विचारलें, 'दादा, तुमची मजुरी कुठें ?' ते गप्प झाले. उभ्या जन्मांत त्यांनीं लाकडाची किंमत धरली, स्वतःच्या हातांची धरलीच नव्हती !

म्हणून मायबापहो, शाळा व्यवस्थापन समितींत व ग्रामसभेंत उभे राहून विचारा : कारागीर शाळेंत गुरुजी म्हणून येतो कीं तमाशा दाखवावयास ? त्यास मानधन देतां काय ? सुताराची पोर हिशेब आणि सावकाराचा पोर रंधा शिकतो काय ? उत्तर 'नाहीं' आलें, तर समजा, जुनेंच जोखड नव्या रंगांत आलें आहे. तें मानेवर घेऊं नका !