आशाताईंच्या फॉर्मवर 'नाही' लिहिले, म्हणून डोळे ठीक आहेत असे नव्हे

रत्नागिरी : आशाताई घरोघरी तीस वर्षांवरील प्रत्येकाचा 'सीबॅक' फॉर्म भरतात. त्यात डोळ्यांचेही प्रश्न आहेत. अंधुक दिसते का? वाचायला त्रास होतो का? डोळा आठवड्याहून जास्त दुखतो किंवा लाल राहतो का? एकाचेही उत्तर 'हो' आले, तर डॉक्टर असलेल्या जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवायचे असते.

प्रश्न सोपे आहेत, अडचण उत्तरात आहे. 'काय नाय गो बाय, सगळा बरा हाय,' असे पडवीत बसलेले आजोबा सांगून टाकतात. मुलगा मुंबईला, तालुक्याला न्यायला कोणी नाही, मग 'नाही' म्हणणेच सोपे वाटते. शिवाय एका डोळ्याची नजर कमी झाली तरी दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे माणसाला स्वतःलाच कळत नाही. म्हणून उत्तर देण्यापूर्वी एकेक डोळा हाताने झाकून समोरचे कॅलेंडर वाचून बघावे.

मोतीबिंदू या प्रश्नांतून बऱ्यापैकी सापडतो. देशात 2015 ते 2019 दरम्यान झालेल्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी 66.2 टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. ऑपरेशनने ही नजर बहुतेकदा परत येते आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत होते.

काचबिंदूचे तसे नाही. त्यात बहुतेकदा आधी कडेचे दिसणे कमी होते, दुखत काही नाही. गेलेली नजर परत येत नाही, उपचाराने फक्त उरलेली वाचवता येते. शुगरमुळे डोळ्याचा पडदा खराब होतो, तोही सुरुवातीला गुपचूप. अशा वेळी पेशंटने खरे सांगितले तरी फॉर्मवर 'नाही'च येते.

म्हणून लक्षणांसोबत जोखीमही बघायला हवी. शुगर असेल तर त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्यावी. घरात बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, हे फॉर्म विचारतो. काचबिंदूचे विचारत नाही. ते आपणहून आशाताईंना सांगावे.

गणपतीला, शिमग्याला घरी येणाऱ्या चाकरमान्यांनी एक दिवस आईवडिलांच्या डोळ्यांसाठी ठेवावा. सुट्टीचा दिवस सोडून जावे आणि निघण्यापूर्वी नेत्रतपासणीचा वार आरोग्य केंद्रात विचारून घ्यावा.