डोळे दिपवणारा अंधार

रहाटणी फाट्यावर दिवस मावळल्यानंतर दहा मिनिटे उभे राहिले, तरी एक गोष्ट ध्यानात येते. दिवे पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहेत आणि दिसणे मात्र कमी झाले आहे. खांबांवर दिवे आहेत, दुकानांच्या पाट्या झगमगत आहेत, गृहसंकुलांची प्रवेशद्वारे उजळलेली आहेत. पण समोरून एखादी मोटार निळसर पांढरा झोत टाकीत आली, की रस्ता ओलांडणारी बाई, कडेने चाललेला सायकलवाला, अर्धवट बुजवलेला चर हे सारे क्षणात नाहीसे होते. मोटार निघून जाते आणि डोळ्यांपुढे ठिपके नाचत राहतात. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे सतरा मीटर अंतर कापते. चालकाचे डोळे तीन सेकंद दिपले, तर तो पन्नास मीटर रस्ता जवळजवळ आंधळेपणाने पार करतो.

या झोतांचा सारा दोष नव्या, महागड्या मोटारींना देऊन आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात डोळ्यांत घुसणारे कित्येक दिवे पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या गाड्यांवरचे असतात. जुन्या गाडीला नवे दिवे बसवणे हा आता घरगुती उद्योग झाला आहे. आमच्या सोसायटीच्या वाहनतळावर रविवारी सकाळी बॉनेट उघडून हे काम करणारा एखादा तरी गृहस्थ दिसतोच. मी स्वतः 1997 सालची मारुती 800 बाळगून आहे आणि तिची किरकोळ कामे घरीच करतो. त्यामुळे या मंडळींची तक्रार मला परकी नाही. जुन्या गाडीचा उजेड मंद, पिवळट आणि केविलवाणा असतो. पावसाळ्यात, ओल्या डांबरावर तर गाडीला दिवे आहेत की नाहीत असा प्रश्न पडावा. वय वाढते तसा डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाशही कमी होतो. जुनी गाडी आणि साठीचा चालक अशी जोडी असेल, तर जास्त उजेडाची मागणी ही चैन नव्हे, गरज आहे.

प्रश्न गरजेचा नसून उपायाचा आहे. सुट्या भागांच्या दुकानात गेले, की दोन उपाय हमखास पुढे येतात. पहिला, 60/55 वॉटच्या जागी 100/90 वॉटचा बल्ब. दुसरा, आहे त्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब. दोन्ही पाच मिनिटांत बसतात, दोन्हींनी समोरची भिंत उजळून निघते आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते. पण जुन्या गाडीच्या उजेडाचा रोग बहुधा बल्बमध्ये नसतोच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

रोग कोठे आहे हे शोधायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून आधी बॅटरीवरचा आणि मग बल्बच्या होल्डरवरचा व्होल्टेज मोजावा. माझ्या गाडीत बॅटरीवर 13.8 आणि होल्डरवर 12.2 व्होल्ट आले. फरक 1.6 व्होल्टचा. वाचताना क्षुल्लक वाटतो. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्के उतरला, तर उजेड सुमारे तीस टक्के उतरतो. म्हणजे माझ्या बल्बचा एक तृतीयांशाहून अधिक उजेड रस्त्यापर्यंत पोहोचतच नव्हता. तो वाटेतल्या वायरी आणि स्विच तापवण्यात खर्च होत होता.

याचे कारण जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये आहे. दोन बल्बना मिळून नऊ-दहा अँपिअर प्रवाह लागतो. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह बारीक वायरींतून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जातो आणि तेथून दिव्यांपर्यंत येतो. वर्षानुवर्षे जोड गंजतात, स्विचचे पत्रे काळे पडतात, अर्थिंग सैल होते. अशा वायरिंगवर 100/90 चा बल्ब लावणे म्हणजे धापा टाकणाऱ्या बैलावर आणखी दोन पोती लादणे होय. होल्डर वितळतो, स्विच जळतो, कधी वायरिंगच पेट घेते.

उपाय आहे तो रिलेचा. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड तांब्याची वायर थेट दिव्यांकडे न्यावी, मध्ये अप्परसाठी एक आणि डिप्परसाठी एक असे दोन रिले बसवावेत. जुन्या स्विचने केवळ रिले चालू-बंद करण्याचे हलके काम करावे. रिलेच्या पायांवर 30, 87, 85 आणि 86 असे आकडे छापलेले असतात: 30 वर बॅटरी, 87 वर दिवा, आणि 85-86 मध्ये स्विचचा जुना प्रवाह. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. काही जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो, तेव्हा जोडणी आधी तपासून घ्यावी. स्वतःला खात्री नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनला शेजारी बसवावे. या कामाने बल्ब तोच राहतो, वॉट तेच राहतात आणि गेलेला उजेड परत येतो.

यानंतर पाळी डोमची, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीची. तिच्यावरचा अॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो, की फडक्याने घासला तर निघून येतो. ती काळवंडली असेल तर पॉलिशच्या नादी न लागता डोम बदलावा. पुढचे आवरण काचेचे असेल तर साबणपाणी पुरते. प्लास्टिकचे असून उन्हाने पिवळे पडले असेल, तर पाण्याबरोबर बारीक पॉलिश पेपर क्रमाने वापरून ते साफ होते; पण वर उन्हापासून जपणारा लेप दिला नाही, तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे पडते. नवा हॅलोजन बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. हाताचे तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. निळ्या रंगाचा मुलामा दिलेले बल्ब पांढरेशुभ्र दिसतात खरे, पण तो मुलामा उजेडाचा काही भाग स्वतःच गिळतो.

एलईडी चांगले की वाईट, हा वाद येथे गैरलागू आहे. एलईडीसाठीच घडवलेला दिवा उत्तमच असतो. वावडे आहे ते हॅलोजनच्या डोममध्ये एलईडीचा बल्ब खुपसण्याला. 1971 साली आलेला एच-4 बल्ब हातात घेऊन पाहावा. त्यात दोन तारा असतात आणि डिप्परच्या तारेखाली धातूची इवलीशी पळी असते. डिप्परचा उजेड वर जाऊ न देणे हे त्या पळीचे काम. डोमची सारी वक्रता तारेची ती नेमकी जागा धरून आखलेली असते. एलईडीचे चौकोनी ठिपके त्या जागेवरून जरासे जरी हलले, तरी जो उजेड रस्त्यावर सांडायचा तो समोरच्याच्या तोंडावर उडतो. बसवणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याला आपल्यासमोरचा रस्ता उजळलेलाच दिसतो.

शेवटचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित आहे: दिव्यांचा रोख जुळवणे. सपाट जागा, एक भिंत, खडू आणि टेप एवढेच साहित्य लागते. टायरांत हवा बरोबर असावी आणि चालकाच्या जागी कोणीतरी बसलेले असावे. गाडी भिंतीला टेकवून दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने नोंदवावी आणि गाडी सरळ पाच मीटर मागे घ्यावी. डिप्परच्या उजेडाची वरची सपाट कड त्या खुणेच्या सुमारे पाच सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, म्हणजे शंभराला एक असा उतार साधतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालवतो, म्हणून ही कड डावीकडे थोडी वर चढलेली असते. तेथे पादचारी आणि रस्त्याची कड दिसावी हा हेतू. उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी घडवलेला दिवा आणून लावला, तर ती चढण नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते.

हे सारे केवळ सद्वर्तनाचे नियम नाहीत. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 106 वा नियम सांगतो, की दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, त्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. सरासरी उंचीच्या उभ्या माणसाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करण्यास मज्जाव करते आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केले. पूर्वी हेडलाईटच्या काचेवर मधोमध काळी टिकली लावण्याची पद्धत होती. उपाय ओबडधोबड होता, पण समोरच्याचे डोळे ही आपलीही जबाबदारी आहे, एवढी कबुली त्यात होती. टिकली गेली आणि तिच्याबरोबर ती कबुलीही गेली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की रस्ते खड्ड्यांचे, त्यांवरील दिवे अर्धे बंद, मग नागरिकाने स्वतःपुरता उजेड का करू नये? त्यातील राग योग्य आहे. महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे; पण तिच्या हलगर्जीची शिक्षा समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला देता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की उंच बांध्याच्या नव्या गाड्या कंपनीतूनच डोळे दिपवीत येतात, मग जुन्या गाडीवाल्यालाच उपदेश का? हेही पुष्कळसे खरे आहे. त्यांच्या दिव्यांची उंची आणि प्रखरता यांचा फेरविचार व्हायला हवा. मात्र शेजाऱ्याच्या कर्ण्याला उत्तर म्हणून आपण दोन कर्णे लावले, तर गल्लीत शांतता होत नाही.

दिव्याखाली अंधार असावा तर तो येथेच. टेल्कोचा पुण्याचा कारखाना आणि मोटारींची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था दोन्ही 1966 सालच्या. इंडिका पिंपरीत घडली. मोटारींचे दिवे बनवणाऱ्या लुमॅक्सचा कारखाना चाकणमध्ये आहे. दिव्याचा झोत कोठे पडावा हे अंशांत मोजणारी माणसे या पट्ट्यात रोज कामाला जातात, आणि दुसरी पाळी सुटल्यावर रात्री उशिरा त्याच दिपवणाऱ्या झोतांतून चाचपडत घरी परततात.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. जुन्या गाडीच्या धुराची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. त्याच वेळी दिव्यांचा रोखही तपासला जावा. त्यासाठी लागणारे यंत्र नवे नाही आणि तपासणीला पाच मिनिटेही पुरतात. परिवहन खात्याने पिंपरी-चिंचवडच्या पीयूसी केंद्रांपासून सुरुवात करावी. तोवर प्रत्येकाने निदान भिंतीवर खडूची एक रेघ ओढावी. उजेड रेघेच्या खाली राहिला, तर आपल्याला रस्ता दिसेल आणि समोरचाही सुखरूप घरी जाईल.