दाब का पडला, ते आधी विचारा

गेल्या डिसेंबरात लीड्सहून मुलीचा फोन आला. "बाबा, बॉयलरचा काटा रोज खाली येतो. मी रोज पाणी भरते." तिच्या घरात सेंट्रल हीटिंग आहे. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी बंद नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. यंत्रणा थंड असताना दाब 1 ते 1.5 बार असावा लागतो. तिच्याकडे तो सकाळी अर्ध्या बारवर यायचा. दुरुस्तीला आलेल्या माणसाने पाणी भरून काटा जागेवर आणला आणि "पुन्हा उतरला की असंच करा" असं सांगून तो गेला.

मला फोर्ट विल्यम आठवलं. कोलकात्याच्या त्या लष्करी ठाण्यात, मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमध्ये, मी पाणीपुरवठ्याचं काम शिकलो. आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्याच्या नावावरून त्याला आता विजय दुर्ग म्हणतात. क्वार्टरमधून 'पाणी मंद येतं' अशी तक्रार आली की मी पाना उचलायचो. माझे बंगाली ओव्हरसियर मला आधी वही उघडायला लावत. एकच नळ मंद आहे की घरातले सगळे? फक्त वरच्या मजल्यावर की खालीही? कालपासून की महिन्यापासून? एकच नळ असेल तर तोटीच्या जाळीत कचरा. सगळं घर असेल तर घराचा कॉक. सगळी इमारत असेल तर टाकी किंवा मोठी लाइन. पाना लावायच्या आधीच निम्मा बिघाड हाती यायचा.

एका रविवारी ते मला उत्तर कोलकात्यातली टालाची टाकी दाखवायला घेऊन गेले. 1911 पासून शहराला पाणी देणारी, लोखंडी खांबांवर 110 फूट उंच उभी, 90 लाख गॅलनची टाकी. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीला जवळपास 1 बार दाब मिळतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या टाकीखाली मान वर करून उभं राहिल्यावर ते कळलं. दाब कुठून तरी येतो, आणि कमी झाला तर कुठेतरी गेलेला असतो.

म्हणून मुलीला म्हटलं, "उद्या लगेच भरू नकोस. आधी लिही." थंड असताना काटा कुठे, हीटिंग सुरू केल्यावर कुठे, बंद केल्यावर कुठे. तिसऱ्या दिवशी चित्र स्पष्ट झालं. पाणी भरल्यावर काटा दीडवर, तापल्यावर थेट 3 बारजवळ, आणि सकाळी पुन्हा अर्ध्यावर. भिंतीबाहेर निघणाऱ्या तांब्याच्या नळीखाली तिने डबा ठेवला, त्यात पाणी सापडलं. तापलेलं पाणी फुगतं. त्याला जागा मिळावी म्हणून बॉयलरमध्ये हवा भरलेलं एक्स्पान्शन व्हेसल असतं. त्यातली हवा गेली होती. जागा नाही म्हणून दाब चढायचा, 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर टाकायचा. तापल्यावर काटा असा चढला नसता आणि तरी उतरत राहिला असता, तर गळती रेडिएटरच्या सांध्यांत किंवा जमिनीखालच्या नळीत शोधावी लागली असती. परवानाधारक मेकॅनिकने हवा भरली, व्हॉल्व्ह बदलला, काटा स्थिरावला. रोजचं भरणं चालू राहिलं असतं, तर ताज्या पाण्यातल्या ऑक्सिजनने रेडिएटर आतून गंजले असते.

आपल्याकडे हीटिंग नाही, पण सवय तीच आहे. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत पाणी मंद झालं की जो तो नळाला थेट मोटार लावायचा. एकाने ओढलं की शेजारच्याचं कमी, मग शेजाऱ्याचीही मोटार. शिवाय लाइनमध्ये उलटी ओढ तयार झाली की फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत येतं, आणि ते आपलीच मुलं पितात. आम्ही दोन आठवडे वहीत वेळ आणि दाब लिहिला. रात्री शहराचा दाब चांगला असतानाही आमच्याकडे तो पडलेला होता. म्हणजे दोष आमच्याच दारात होता: मीटरआधीची जाळी गाळाने भरली होती. ती साफ करायला अर्धा तास लागला.

म्हणून माझं सोसायट्यांना सांगणं आहे: नोंदी दाखवल्याशिवाय मोटारीच्या खर्चाला मंजुरी देऊ नका, आणि लाइनला थेट लावलेल्या मोटारी आधी काढा. पालिकांकडेही मागणी आहे. प्रत्येक भागातल्या शेवटच्या नळाचा दाब मोजा आणि आकडा लोकांसमोर ठेवा. तो आकडा दिसला, तर दोष आपल्या दारात आहे की रस्त्याखाली, हे आम्हीही शोधू शकू.