अपडेटाचा मुहूर्त

पूर्वी गाणे ध्वनिमुद्रित करावयाचे तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. आज आपल्या जळकोटसारख्या गावीही एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या, एक संगणक, एक माईक आणि एक ऑडिओ इंटरफेस एवढ्यावर काम भागते. होळीच्या सुमारास तांड्यावरची लेंगी, मग १४ एप्रिलची भीमगीते, असा हा हंगाम असतो. आणि मित्रहो, नेमक्या याच दिवसांत संगणकाला अपडेटाची उबळ यावी!

ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आत जाऊन त्याच्या कानात परत यावा लागतो. मागे डाउनलोड चालू असेल तर आवाज तुटतो. अपडेटानंतर इंटरफेसचा ड्रायव्हर जुळला नाही तर तो येतच नाही. ढोलकीवाला रोजंदारी बुडवून आलेला असतो. ती मजुरी कोणी भरून द्यावयाची?

म्हणून काही मंडळी अपडेट कायमचा बंद करून टाकतात. त्यांचा राग मला समजतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या अपडेटाने काही लोकांच्या फायली पुसल्या आणि त्याचे वाटप थांबवावे लागले. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटांचे सारे जुने प्लगइन एका दिवसात निकामी केले. तरीही हा उपाय मला पटत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरची यंत्रे कुलूपबंद केली, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती. ती ज्यांनी लावली नव्हती तेच सापडले. 'आमचा संगणक नेटला जोडलेलाच नाही' हेही उत्तर अपुरे आहे. गावभर फिरलेला पेनड्राइव्ह त्यात कोण खुपसतो? विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. असे यंत्र गाण्यापुरतेच ठेवावे. बँकेचे व्यवहार, चित्रपट, मुलांचे खेळ त्यावर नकोत.

अपडेट नाकारू नये, त्याची वेळ मात्र आपण ठरवावी, असे माझे मत आहे. विंडोजमध्ये तो पस्तीस दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतो. हंगामाला तेवढे जवळजवळ पुरतात. दरमहाची सुरक्षा-दुरुस्ती काम हातावेगळे झाल्यावर लावावी. मोठी नवी आवृत्ती मात्र मृग लागून माणसे पेरणीत गुंतली आणि स्टुडिओ रिकामा पडला की मगच. त्याआधी संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्यावी. (महागड्या माईकच्या आधी ही डिस्क घ्यावी, असे मी म्हणेन, पण आमच्याकडे माईक दाखवता येतो, डिस्क दाखवता येत नाही!) इंटरफेस बनविणाऱ्या कंपनीने नव्या आवृत्तीला मान्यता दिली आहे की नाही तेही पाहून घ्यावे. मग गेल्या वर्षीचे एखादे गाणे उघडून शेवटपर्यंत वाजवावे. ते पूर्वीसारखे वाजेपर्यंत जुनी प्रत पुसू नये.