आधी अक्ष, मग इलेक्ट्रोड

द्विमितीय चुंबकांवर आमच्याकडे येणाऱ्या लेखांत नमुन्याची जाडी असते, तापमान असते, क्षेत्राची तीव्रताही असते. विद्युतधारा स्फटिकाच्या कोणत्या अक्षावरून सोडली, हे मात्र पुष्कळदा नसते. ही उणीव आम्हाला गंभीर वाटते.

टंगस्टन डायटेल्युराइड घ्या. त्याच्या पृष्ठभागावर एकच परावर्तन प्रतल उरते, बी आणि सी अक्षांचे. २०१७ मध्ये कॉर्नेलच्या गटाने त्यावर परमलॉयचा थर चढवून मोजमापे केली. धारा ए-अक्षावरून सोडली, तेव्हा थराला लंब स्पिनमुळे येणारे अवमंदनविरोधी आघूर्ण दिसले; बी-अक्षावरून सोडली, तेव्हा ते नाहीसे झाले. परावर्तनात बी दिशेची धारा तशीच राहते, लंब स्पिन मात्र उलटतो. म्हणून तो शून्यच असावा लागतो. ए दिशेत धारा आणि स्पिन दोन्ही उलटतात, त्यामुळे आघूर्णाला मुभा मिळते. याच मुभेच्या बळावर पुढे आयर्न जर्मेनियम टेल्युराइडचे लंब चुंबकन बाहेरच्या क्षेत्राशिवाय उलटवता आले. मेमरी घडवणाऱ्यांसाठी ही फार मोलाची सोय आहे, आणि ती केवळ कोनावर अवलंबून आहे.

मँगनीज बिस्मथ टेल्युराइडमध्ये थरांची संख्याच सममिती ठरवते. प्रत्येक थर आतून लोहचुंबकी, शेजारचा विरुद्ध दिशेचा. पाच थरांच्या नमुन्यात २०२० मध्ये १.४ केल्विनला, क्षेत्र शून्य असताना, हॉल रोध क्वांटित मूल्याच्या अगदी जवळ पोचला. सम संख्येच्या थरांत स्थान-व्युत्क्रम आणि काल-व्युत्क्रम दोन्ही मोडतात, पण त्यांची जोडी टिकते आणि असंगत हॉल रोध लोपतो. लंब विद्युतक्षेत्र देऊन ती जोडी मोडली की तो परत येतो. २०२१ मध्ये हे दिसले. क्रोमियम आयोडाइडच्या दुहेरी थरात तर दाबाखाली थरांची रचना सरकते आणि प्रतिलोहचुंबकी युग्मन लोहचुंबकी होते.

म्हणून यापुढे लेखकांनी धारा आणि अक्ष यांतला कोन, तो मोजण्याची पद्धत, थरांची संख्या आणि त्यांची रचना द्यावी. तुकड्याच्या लांबट कडेवरून अक्षाचा अंदाज बांधू नये. ध्रुवित रमनने तो इलेक्ट्रोड टाकण्यापूर्वीच तपासावा. निषिद्ध दिशेतले मोजमापही जोडावे. तिथे शून्य आले, तर तो आलेख आम्ही आनंदाने छापू. संकेत उरलाच, तर तो दडवू नये: ताण, डोमेन किंवा इलेक्ट्रोडचा तिरपेपणा यांचा माग तिथूनच लागतो.